हुकलेला दुसरा ठोका

लॉस एंजेलिस शहरात सहसा बर्फ पडत नाही. पण जवळच्या डोंगरांत स्कीइंगला जाणारी मंडळी गाडीच्या डिकीत लोखंडी साखळ्या ठेवतात. बर्फाळ घाटात टायर घसरू नयेत म्हणून त्या चाकांना गुंडाळायच्या. १९६९ साली 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना चाळिशीचा एक ड्रमवादक उठला, बाहेर आपल्या गाडीपाशी गेला आणि तसल्या साखळ्या घेऊन परत आला. गाण्याच्या शेवटच्या भागात त्यानं त्या सिमेंटच्या जमिनीवर लयीत आपटल्या. सायमन आणि गारफंकल यांचं हे गाणं एकट्या पियानोच्या साथीनं, जवळपास प्रार्थनेसारखं सुरू होतं आणि शेवटाकडे चढत चढत एवढं मोठं होतं की तिथे नेहमीचा ड्रम तोकडा पडला असता. ऐकणाऱ्याला साखळ्या ऐकू येत नाहीत. कुठेतरी खोलवर काहीतरी अवजड हललं, एवढंच जाणवतं.

त्या ड्रमवादकाचं नाव हॅल ब्लेन. अमेरिकेत दरवर्षी ग्रॅमी पुरस्कार दिले जातात, त्यांत 'रेकॉर्ड ऑफ द इयर' हा मानाचा. १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षं तो ज्या गाण्यांना मिळाला, त्या सगळ्यांत ड्रमवर हाच माणूस होता. ही सहा गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहावीत. हर्ब अल्पर्टच्या ट्रम्पेटवरचं 'अ टेस्ट ऑफ हनी', फ्रँक सिनात्राचं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट', फिफ्थ डायमेन्शन या गटाचं फुग्यासारखं तरंगणारं 'अप, अप अँड अवे', सायमन-गारफंकलचं 'मिसेस रॉबिन्सन', पुन्हा फिफ्थ डायमेन्शनचं 'अक्वेरियस/लेट द सनशाइन इन' आणि शेवटी हे साखळ्यांचं. आधी सांगितलं नाही तर यांतल्या कुठल्याही दोन गाण्यांवर एकाच माणसाचे हात फिरले आहेत, असा संशयसुद्धा यायचा नाही. कव्हरवर नाव शोधायला गेलात तर बहुतेक वेळा तेही सापडायचं नाही.

हे असं का, ते आपल्याला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. पडद्यावर नायक ओठ हलवतो आणि गातो दुसराच, यात आपल्याला कधी फसवणूक वाटली नाही. पार्श्वगायन आपल्या अंगवळणी पडलं आहे. साठच्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये पार्श्ववादन चालायचं, आणि ते बिनबोभाट. बर्ड्स नावाच्या बँडचं 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' १९६५ साली पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा कव्हरवर पाच तरणी पोरं होती. त्यांच्यापैकी रॉजर मॅग्विनची बारा तारांची गिटार तेवढी त्या गाण्यात वाजली आहे. बाकीची वाद्यं वाजवली ती बाहेरून बोलावलेल्या वादकांनी, आणि ड्रमवर ब्लेन होता. बीच बॉइज या बँडसोबत मंचावर ड्रम वाजवायचा डेनिस विल्सन. त्यांच्या कित्येक तबकड्यांवर मात्र वाजतो तो ब्लेन. डेनिसला याचं वाईट वाटायचं नाही, असं ब्लेन सांगत असे. डेनिस दौऱ्यांवर त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त कमवायचा आणि उरलेला वेळ समुद्रावर घालवायचा.

सगळ्यांत नवल कॅरन कारपेंटरचं. ही गायिका मुळात ड्रमवादक, आणि स्वतःला तसंच म्हणवून घेणारी. तरीही १९७०च्या 'क्लोज टू यू'मध्ये तिच्या आवाजामागे ड्रम आहे तो ब्लेनचा. तिला वाजवता येत नव्हतं असं मुळीच नाही, जुनी चित्रणं पाहिली तर ती किती सफाईनं वाजवायची ते दिसतं. मग कंपनीनं पाहुणा वादक का बोलावला? याचं उत्तर स्टुडिओच्या घड्याळात सापडतं.

त्या काळी अमेरिकेत वादकांच्या संघटनेनं ठरवलेलं एक सत्र तीन तासांचं असे आणि त्यात तीन-चार गाणी संपवण्याकडे निर्मात्याचा कल असे. स्टुडिओचं भाडं तासावर चालायचं. त्यातून साठच्या दशकात बराच काळ ध्वनिफितीवर मार्ग (ट्रॅक) मोजकेच, तीन किंवा चार. आजच्यासारखं प्रत्येक वाद्य वेगळं घेऊन मागाहून जुळवायची सोय नव्हती. गिटार, पियानो, बास, ड्रम, तालवाद्यं असे दहा-पंधरा जण एका खोलीत एकदम वाजवणार आणि त्यातला एक चुकला की सगळ्यांना पुन्हा सुरुवात करावी लागणार. गायक चुकला तर एक वेळ त्याचा आवाज पुन्हा घेता यायचा, पण ड्रमचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरलेला असतो. तो खोडता येत नाही. म्हणून ड्रमच्या स्टुलावर बसणारा माणूस सकाळी दहाला आणि रात्री दहाला सारखाच बिनचूक असावा लागे. आवडता, देखणा, नावाजलेला वगैरे असण्याला तिथे काही किंमत नव्हती.

ब्लेन असा बिनचूक कसा झाला? त्याचं मूळ नाव हॅरॉल्ड सायमन बेल्स्की. जन्म ५ फेब्रुवारी १९२९, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलिओक गावचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित. पुढे कुटुंब हार्टफर्डला गेलं. तिथल्या नाट्यगृहात मोठमोठे बिग बँड यायचे आणि पोरगं पुढे बसून ड्रमवाल्यांचे हात न्याहाळायचं. मग कॅलिफोर्निया, लष्करातली नोकरी, आणि तिथून सुटल्यावर शिकागो. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी अमेरिकन सरकारची योजना होती, तिच्या पैशांवर त्यानं रॉय नॅप यांच्या शाळेत नाव घातलं. हे नॅप म्हणजे जीन क्रुपा या गाजलेल्या जाझ ड्रमवादकाचेही गुरू. दिवसा तिथे नोटेशनचा अभ्यास आणि रात्री शहरातल्या कपडे उतरवणाऱ्या नर्तकींच्या क्लबांत वाजवणं. हा दुसरा वर्गही पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरला, असं मला वाटतं. तिथे नर्तकीची प्रत्येक हालचाल, पाऊल, झटका टिपून नेमका त्यावर ठोका टाकायचा असतो, आणि डोळे कागदावर ठेवून भागत नाही. पुढे तो पॅटी पेज आणि टॉमी सँड्स या गायकांसोबत फिरला, काही काळ काउंट बेसीच्या बँडमध्येही वाजवून आला. मग हॉलिवूडच्या स्टुडिओंत स्थिरावला.

नोटेशन वाचण्याला इतकं महत्त्व का, असं विचारण्याचा मोह होतो. गंमत अशी की ड्रमवादकापुढे जो कागद येतो त्यावर फारसं काही लिहिलेलंच नसतं. इतक्या मात्रांनंतर थांबा, इथे सगळे एकदम, इथे एक तुकडा भरून काढा, अशा खुणा असतात. तबलजीला 'मध्यलय केरवा, अंतऱ्याला लग्गी' एवढं सांगावं, तितपत. बाकी सगळं त्यानं ठरवायचं. काडी घ्यायची की ब्रश? स्नेअर या लहान ड्रमचं कातडं ताणायचं की सैल सोडायचं? झांज कुठली, आणि ती काठावर वाजवायची की मधल्या घुमटावर? ठोका घड्याळाच्या काट्यावर टाकायचा की केसभर मागे? हा केसभर फरक मोठा असतो. लय तीच राहून स्नेअर किंचित उशिरा आला की गाणं ऐसपैस बसतं, किंचित आधी आला की ते घाईला येतं. कागदावर यातलं काहीच नसतं आणि निर्मात्याला ते शब्दांत मागता येत नाही. तो म्हणतो, जरा उन्हाळ्यासारखं वाजव. वादकानं ते ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि पहिल्याच टेकमध्ये उन्हाळा काढून द्यायचा.

आता ज्या ठेक्यावर ब्लेनचं नाव कायमचं चिकटलं, त्याकडे येऊ. तो कळायला थोडी पूर्वतयारी हवी. भजनात आपली टाळी समेवर पडते, जोर पहिल्या मात्रेला. रॉक संगीत चार मात्रांचं, पण तिथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. पायाच्या पेडलनं वाजणारा मोठा बास ड्रम 'धूम्' करतो, दुसऱ्या नि चौथ्यावर हातातली काडी स्नेअरवर 'फट्' करते. धूम्-फट्-धूम्-फट्. जगातली निम्मी लोकप्रिय गाणी या चार अक्षरांवर उभी आहेत म्हटलं तरी चालेल.

१९६३च्या जुलैत हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत रॉनेट्स या तीन मुलींच्या गटाचं 'बी माय बेबी' घेतलं जात होतं. निर्माता फिल स्पेक्टर. त्याची पद्धत अजब होती. एका लहानशा खोलीत तो एकाच वाद्याचे तीन-तीन, चार-चार वादक कोंबायचा, तासन् तास एकच गाणं घोटून घ्यायचा आणि तो सगळा गलबला प्रतिध्वनीच्या कोठडीतून फिरवून 'ध्वनीची भिंत' उभी करायचा. या गाण्याची सुरुवात एकट्या ड्रमनं होते: धूम्, मग जरा थांबून ध-धूम्, आणि चौथ्या मात्रेला फट्. बोटांनी टेबलावर वाजवून पाहा, दुसरी मात्रा रिकामी जाते. तिथे 'फट्' यायला हवा तिथे नुसता श्वास आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ही जागा खालीची. ब्लेन म्हणत असे की तो साधा धूम्-फट्च वाजवणार होता, पण काडी सुटली आणि दुसरा ठोका हुकला. आपल्याला हेच वाजवायचं होतं असा चेहरा करून पुढच्या आवर्तनातही त्यानं तो तसाच हुकवला, त्याच्या पुढच्यातही हुकवला.

कलावंतांच्या आठवणी सांगता सांगता गोल होत जातात, म्हणून ही कथा अक्षरशः घ्यावी की नाही यावर मी पैज लावणार नाही. पण चूक झाली असेल तर पुढे तिचं जे झालं त्यात या माणसाचा सगळा धंदा दिसतो. हौशी वादक चुकला की लाजून दुसऱ्या वेळी दुरुस्त करतो, त्यामुळे चूक उघडी पडते. ब्लेननं ती आवर्तनागणिक वापरली. कलाकुसर नाही, वेग नाही, सफाईचं प्रदर्शन नाही, आणि तरीही गेल्या साठ वर्षांत या चार मात्रांची नक्कल किती ड्रमवादकांनी केली असेल याची मोजदाद करणं अवघड आहे. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन या गाण्यानं अक्षरशः झपाटला होता. गाडीत रेडिओवर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली, असं तो सांगे.

नक्कल करणाऱ्यांत स्वतः ब्लेनही होता. १९६६ साली सिनात्राच्या 'स्ट्रेंजर्स इन द नाइट'साठी मंद, मखमली काहीतरी हवं होतं. ब्लेननं तोच 'बी माय बेबी'चा ठेका काढला, लय खाली आणली, आवाज हलका केला. मध्यमवयीन श्रीमंतांच्या नाचघरातलं ते गाणं आणि तीन पोरींचं ते किंचाळणारं पॉप, दोन्हींचा सांगाडा एक निघावा! एवढं सांगितल्यावर ती दोन गाणी पुन्हा ऐकली, तरच ते कानाला कळतं.

ब्रायन विल्सनपाशी ब्लेनला आणखी वेगळं काम मिळालं. १९६६च्या 'पेट साउंड्स' या अल्बमसाठी ब्रायनला कुठल्याच दुकानात न मिळणारे आवाज हवे होते. ब्लेननं संत्र्याच्या रसाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून जोडल्या नि 'गॉड ओन्ली नोज'मध्ये त्या वाजल्या. 'कॅरोलाइन, नो'च्या सुरुवातीला जो पोकळ, ओला टणत्कार येतो, तो पालथ्या घातलेल्या पाण्याच्या मोठ्या जारचा. सायमन-गारफंकलच्या 'द बॉक्सर'मधला तोफेसारखा ठोका न्यूयॉर्कच्या स्टुडिओत लिफ्टच्या पोकळीपाशी स्नेअर मांडून काढलेला. असं सांगतात की ठोका पडायला आणि लिफ्टचं दार उघडायला एकच गाठ पडली, आणि आतल्या पहारेकऱ्याला गोळी झाडल्यासारखं वाटलं.

बाटल्यांवरून आपल्याला आपली बाटली आठवणारच. राहुल देव बर्मन यांनी 'शोले'च्या 'मेहबूबा'साठी अर्धवट भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून आवाज काढले आणि 'यादों की बारात'मधलं 'चुरा लिया है' सुरू होतं ते काचेच्या पेल्यावर चमच्याच्या टिचकीनं. बर्मन यांच्याभोवतीही असेच हातखंडा वादक होते: मारुतीराव कीर, होमी मुल्लन, फ्रँको वाझ, कर्सी लॉर्ड. यांतले कर्सी हे तालवाद्यांच्या घराण्यातले. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी यांनीही मुंबईच्या स्टुडिओंत उभं आयुष्य काढलं. मुंबईतही स्टुडिओत टिकायचं तर स्टाफ नोटेशन वाचता येणं मोठी जमेची बाजू होती, आणि ते येत असे प्रामुख्यानं गोव्याहून आलेल्या वादकांना. पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना सूर वाचायला शिकवत. शिकागोत सरकारी योजनेनं जे काम केलं, ते आपल्याकडे पाद्र्यांच्या शाळांनी आधीच करून ठेवलं होतं. कॅसेटच्या वेष्टनावर नाव न येणं, हेही दोन्हीकडे सारखंच.

ब्लेनच्या भोवती जो जथा जमला होता त्याला पुढे 'रेकिंग क्रू' हे नाव पडलं, म्हणजे मोडतोड करणारी टोळी. ब्लेन म्हणे, कोट-टाय घालून मुकाट्यानं वाजवणारे जुने वादक आम्हा टी-शर्टवाल्यांकडे पाहून म्हणायचे, ही पोरं धंद्याची वाट लावणार. या टोळीतली बासवादक कॅरल के हिनं हे साफ झिडकारलं. हे नाव ब्लेननं मागाहून आपल्या पुस्तकासाठी रचलं, त्या काळी आम्हाला असं कुणीही म्हणत नसे, असं तिचं म्हणणं. या जथ्यात गिटारवर टॉमी टेडेस्को आणि ग्लेन कॅम्पबेल, पियानोवर लॅरी नेक्टल आणि लिऑन रसेल होते. यांतले कॅम्पबेल आणि रसेल पुढे स्वतःच्या नावानं तारे झाले. ड्रमवर ब्लेनच्या जोडीला अर्ल पामर. न्यू ऑर्लिन्सचा हा कृष्णवर्णीय वादक लहानपणी टॅप डान्सर होता. त्यानंही युद्धानंतर सैनिकांच्या योजनेतूनच संगीत शिकून घेतलं. फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांच्या सुरुवातीच्या गाण्यांतून ज्याला आपण रॉकचा ठेका म्हणतो तो घडवण्यात पामरचा वाटा ब्लेनपेक्षा मोठा आहे. लोकांच्या तोंडी नाव मात्र ब्लेनचं जास्त. त्याला गोष्टी रंगवून सांगता येत, हेही त्याचं एक कारण असावं.

इतर शहरांतही त्या वेळी असेच ड्रमवादक होते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत बेनी बेंजामिन, मेम्फिसच्या स्टॅक्समध्ये अल जॅक्सन, अलाबामातल्या मसल शोल्स गावात रॉजर हॉकिन्स. कुणी म्हणेल, हे ब्लेनपेक्षा सरस. म्हणायला हरकत नाही, अल जॅक्सनसारखं कमी वाजवून जास्त सांगणं कुणालाच साधलं नाही. पण ही मंडळी एकेका घराण्याची. कंपनी एक, बाज एक, आणि तो बाज त्यांनीच घडवलेला. हॉलिवूडमध्ये ब्लेनला असं घर नव्हतं. सकाळी पॉप, दुपारी दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकसंगीत, संध्याकाळी सिनात्रा, रात्री स्पेक्टर. प्रत्येक खोलीत वेगळी बोली बोलायची आणि आदल्या खोलीचा हेल घेऊन जायचं नाही. अष्टपैलू हा शब्द आपण सढळ हातानं वापरतो, त्यातून पुष्कळ काही येणं एवढाच अर्थ निघतो. या धंद्यात त्याची दुसरी बाजू जास्त कामाची होती, ती म्हणजे आपल्याला येणारं पुष्कळसं न वाजवता परत घरी नेणं.

एका जागेहून दुसऱ्या जागी धावण्यात वेळ जाऊ नये म्हणून ब्लेननं ड्रमचे एकाहून जास्त संच ठेवले होते आणि एक मदतनीस. ब्लेन एका स्टुडिओत वाजवत असताना मदतनीस दुसरा संच पुढच्या स्टुडिओत मांडून ठेवी. पुढे त्यानं नेहमीच्या मोजक्या टॉमटॉम ड्रमऐवजी त्याहून पुष्कळ जास्त टॉमचा संच बनवून घेतला, वरच्या सुरापासून खर्जापर्यंत उतरत जाणारा. त्याला तो 'मॉन्स्टर' म्हणे. हौसेनं त्यानं ती कल्पना लुडविग या ड्रमकंपनीला दाखवली, कंपनीनं 'ऑक्टाप्लस' नावानं तसा संच बाजारात आणला. ब्लेनच्या म्हणण्याप्रमाणे त्याला त्यातून काही मिळालं नाही.

एकूण किती गाणी वाजवली, तर त्याच्या स्वतःच्या हिशेबानं ३५,००० ध्वनिमुद्रणं, त्यांत पहिल्या क्रमांकावर गेलेली चाळीस आणि पहिल्या दहांत आलेली दीडशे. पस्तीस हजार हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला थाप वाटली. मग कागद घेऊन बसलो. रोज तीन सत्रं आणि दर सत्रात तीन-साडेतीन गाणी धरली तर दिवसाला दहा होतात. वर्षाचे तीनशे दिवस असं काम केलं तर पस्तीस हजाराला बारा वर्षंही लागत नाहीत. त्याचा बहर तेवढा टिकला होता. आकडा फुगवलेला असू शकेल, अशक्य मात्र नाही. पण त्याहून बोलका हिशेब दिवसाचा आहे. सलग बारा वर्षं, रोज दहा नवी गाणी, आणि त्यांतलं कुठलं लोकांच्या लग्नांत, प्रवासांत, मयतांत वाजत राहील आणि कुठलं महिन्याभरात विसरलं जाईल, याचा वाजवताना पत्ता नाही. दोन्हींना सारखीच निष्ठा द्यायची.

पैसा सत्राचा मिळे. गाणं पडलं तरी तेवढाच आणि गाजलं तरी तेवढाच. विक्रीतला टक्का गायकाला, गीतकाराला, संगीतकाराला. ठेका टाकणाऱ्याला नाही. कायद्याच्या लेखी चाल ही रचना असते, शब्द ही रचना असते, पण 'धूम्, ध-धूम्, फट्' ही रचना नसते. 'अ टेस्ट ऑफ हनी'मध्ये सुरुवातीच्या संथ तुकड्यानंतर सगळ्यांना एकदम उचलणं जमेना, तेव्हा ब्लेननं इशारा म्हणून बास ड्रमवर चार सणसणीत ठोके दिले. ते ठोके तबकडीत तसेच राहिले आणि त्या गाण्याची ओळख झाले. त्यांचंही मानधन त्या दिवसाच्या सत्रातच आलं.

तरीही भरभराटीच्या काळात रोजची सत्रं इतकी होती की तो श्रीमंत झाला. हॉलिवूडमध्ये हवेली, रोल्स-रॉइस, बोट, सगळं आलं. मग सत्तरच्या दशकात वारं फिरलं. बँड स्वतःची वाद्यं स्वतःच वाजवू लागले, किंबहुना तसं वाजवणं हीच प्रामाणिकपणाची खूण ठरली. ध्वनिफितीवरचे मार्ग आधी सोळा आणि मग चोवीस झाले, चुका मागाहून दुरुस्त करता येऊ लागल्या, तीन तासांच्या धास्तीत काम करणाऱ्या माणसाची गरज कमी झाली. १९८० साली रॉजर लिन या गिटारवादक अभियंत्यानं एलएम-१ नावाचं यंत्र विकायला काढलं. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनी भरून ठेवलेले होते आणि बटणं दाबून हवा तो ठेका रचता येत होता. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. हे यंत्र दमत नसे, जेवणाची सुट्टी मागत नसे. ज्यांनी ते लवकर आपलंसं केलं त्यांत गायक प्रिन्स होता. त्याच दशकात रोलंड कंपनीचा ऑक्टापॅड निघाला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत नि गणपतीच्या बेंजो पार्ट्यांत तो असा काही रुजला की ढोलकी, ताशा आणि टाळ्या हे सगळं एकाच माणसाच्या दोन काड्यांत मावलं. आपल्याकडच्या कितीतरी साइड ऱ्हिदमवाल्यांची रोजी तेव्हा त्या आठ रबरी चौकोनांत गेली.

त्याच सुमारास ब्लेनच्या घटस्फोटात हवेली गेली, बाकीचंही गेलं. ॲरिझोना राज्यात काही काळ त्यानं सुरक्षारक्षकाची नोकरी केली. चाळीस वेळा देशात पहिला आलेला माणूस एखाद्या इमारतीच्या दाराशी गणवेशात उभा आहे, असं चित्र इथे रंगवता येईल आणि वाचणाऱ्याला हळहळही वाटेल. पण ब्लेननं स्वतः ही गोष्ट सांगताना हळहळ मागितल्याचं दिसत नाही. विनोद सांगायचा त्याला मोठा षौक होता.

मान उशिरा मिळाला, पण हयातीत मिळाला. २००० साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं मागे बसून साथ करणाऱ्यांसाठी नवा वर्ग सुरू केला. पहिल्याच वर्षी निवडलेल्या पाच जणांत ब्लेन होता, आणि अर्ल पामरही. २०१८ साली ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. दरम्यान गिटारवादक टॉमी टेडेस्कोच्या मुलानं, डेनी टेडेस्कोनं, या जथ्यावर माहितीपट काढला. २००८ साली तो महोत्सवांत दाखवला गेला, पण सगळीकडे प्रदर्शित व्हायला २०१५ उजाडलं. कारण पटात वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क विकत घ्यायला पैसे जमवावे लागले. ज्यांनी ती गाणी वाजवली त्यांच्या आठवणी दाखवण्यासाठी त्याच गाण्यांचे पैसे मोजायचे! ११ मार्च २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्ट इथे ब्लेन गेला. वय नव्वद.

त्याची एक वस्तू मला त्या मॉन्स्टरपेक्षा जास्त आवडते. कव्हरवर नाव छापून येत नाही म्हटल्यावर त्यानं एक रबरी शिक्का करवून घेतला होता. त्यावरच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ 'हॅल ब्लेनचा पुन्हा दणका' असा. सत्र संपलं की तो आपल्यापुढच्या नोटेशनच्या कागदावर हा शिक्का मारायचा, कधी स्टुडिओच्या भिंतीवरही मारायचा. कुठल्या तबकडीवर कोणी वाजवलं याच्या नोंदी कंपन्यांनी नीट ठेवल्या नव्हत्या. पुढे स्टुडिओंच्या कपाटांतून जुने पिवळे कागद बाहेर निघाले, तेव्हा शोधणाऱ्यांना अनेकांवर गाण्याचं नाव, मात्रांच्या खुणा, पेन्सिलीच्या खाडाखोडी आणि कोपऱ्यात तो शाईचा शिक्का सापडला.